मालन उजागरे यांचा न वाचलेला दाखला

रविवार, दिनांक २ नोव्हेंबर २०२५. सकाळचे नऊ वाजून चाळीस मिनिटे. परळच्या बाजूच्या एका मराठी ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, सूचना वाचून झाल्यावर, श्रीमती मालन शांतवन उजागरे, वय एकसष्ट, निवृत्त परिचारिका, यांना ‘आज प्रथमच आलेल्या पाहुण्या’ म्हणून उभे करण्यात आले. त्याच मंडळीत त्यांना असे उभे करण्याची ही सातवी वेळ होती. टाळ्या वाजल्या. वचन छापलेली पुठ्ठ्याची एक खूणपट्टी त्यांच्या हाती देण्यात आली. तशा सहा खूणपट्ट्या त्यांच्या पवित्र शास्त्रात आधीपासून होत्या. मंडळीचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही. ते दिले नाही म्हणून किमान दहा मंडळ्यांना वाटेल की हे आपल्याविषयीच आहे. आणि तसे वाटणेच योग्य.

मालनबाई नगरच्या. एका मिशन दवाखान्याच्या प्रसूतिगृहात त्यांनी एकतीस वर्षे काढली. आयाबायांच्या किंकाळ्या, डॉक्टरांची आरडाओरड आणि उकळत्या पाण्यातली हत्यारे यांत ज्या बाईचा आवाज कधी चढला नाही, ती ही बाई. पती शांतवन प्राथमिक शाळेत शिक्षक होते. उपासनेत खंजिरी वाजवीत. रविवारी ते पुरुषांच्या बाजूला पहिल्या बाकावर, बाई स्त्रियांच्या बाजूला तिसऱ्या बाकावर, खिडकीशी. तो बाक कोणी त्यांच्या नावाने राखून ठेवलेला नव्हता, पण त्या खिडकीशी दुसरे कोणी कधी बसल्याचेही कोणाला आठवत नाही.

मंडळीत त्यांच्याकडे एकच काम होते. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी, होई, तेव्हा द्राक्षारसाचे अंगठ्याएवढाले प्याले भरायचे आणि उपासना संपली की धुऊन, पुसून, फडक्यात पालथे घालायचे. प्याले भरायचे ते यादी पाहून. जो गावात आहे आणि खाटेवर नाही, त्याचा एक. ताटे परत आली आणि त्यांत एखादा प्याला भरलेलाच राहिला, की बाई मान वर न करता म्हणायच्या, “शेळकेमामा आले नाहीत वाटतं.” दुपारी जेवण आटोपले की पदर खोचून शेळकेमामांच्या दारात हजर. कोणाला ताप आलेला असे, कोणाचे सुनेशी वाजलेले असे, एकदा तर एक म्हातारी न्हाणीघरात पडून मांडीचे हाड मोडून सकाळपासून तशीच होती. प्याला उरला नसता तर ती सोमवारपर्यंत कोणाला सापडली नसती.

शांतवनसर गेले. दोन वर्षे बाईंनी एकटीने रेटली. मग मुलगी दीपिका हट्टाला पेटली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये बाई काळाचौकीला आल्या. जावई अभय, त्याचे घराणे बौद्ध, वडील गिरणीत होते. जुन्या चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत चौदाव्या मजल्यावर दोन खोल्या. त्यांत दीपिका, अभय, अभयची आई बकुळा, आणि आता मालनबाई.

निघताना नगरच्या पाळकसाहेबांनी त्यांना दाखला दिला होता. ज्यांना ही पद्धत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगावे लागेल. गाव बदलणाऱ्या सभासदाला त्याची मंडळी एक पत्र देते. लिफाफा बंद असतो. तो नव्या मंडळीच्या हवाली करायचा. तिथे तो सगळ्यांसमोर फोडून वाचला जातो, पुढे बोलावून उजवा हात दिला जातो आणि नाव यादीत चढते. मालनबाईंच्या दाखल्यावर तारीख होती ७ नोव्हेंबर २०२४. मुदत एक वर्ष. आणि दाखला दिला त्याच दिवशी नगरच्या यादीतून त्यांचे नाव कमी झाले, कारण एका माणसाचे नाव दोन ठिकाणी असू नये, असा नियम.

बाईंच्या आईची एक शिकवण होती: दाखला वाचला जाईपर्यंत दुसऱ्याच्या मेजावर हात पुढे करायचा नाही. आजकाल एवढे कोणी पाळत नाही. बाई पाळत. म्हणजे नवी मंडळी मिळेपर्यंत त्यांना प्रभुभोजन नाही. यात चूक त्यांचीही झाली, आणि ती झाकण्याचे कारण नाही. दाखला पर्समध्येच ठेवून त्यांनी निम्मे वर्ष मंडळ्या पाहत हिंडण्यात आणि निम्मे संकोचात घालवले.

माझगावच्या बाजूला दगडी इमारतीत त्या गेल्या. तिथली मराठी उपासना सकाळी सातवर ढकललेली, कारण साडेआठला इंग्रजी मंडळी येते. शेवटचे गीत चालू असतानाच त्यांचा माणूस माईक तपासायला येऊन उभा. दादरला एका हॉलमध्ये ढोल, कीबोर्ड, रंगीत दिवे आणि पहिल्याच भेटीत गळ्यात पडून रडणारी माणसे. गिरगावात अकरा जण होते, सगळे सत्तरीच्या पुढचे, पाळकांनीच सांगितले, “बाई, इथे नाव घालू नका. आमचंच काय होणार ते ठरायचंय.”

दर रविवारी त्या परत आल्या की बकुळाबाई दार उघडत.

“काय विहीणबाई, पटलं का?”

“गाणी फार मोठ्याने म्हणतात.”

“मागच्या रविवारी म्हणालात, हळू म्हणतात.”

“तसं नाही हो.”

“तुमचा देव एकच ना? मग पोरगी दाखवायला नेल्यासारख्या इतकी घरं का फिरताय?” बकुळाबाई हसत. “आमच्या विहारात या. गेल्या गेल्या आधी गुडघा कसा आहे विचारतात, मग वंदना.”

मालनबाईही हसत, पण ते वाक्य त्यांना रात्रभर टोचत राहिले. गुडघा कसा आहे, हे त्यांना पाच महिन्यांत मुंबईतल्या एकाही मंडळीने विचारलेले नव्हते.

मे महिन्यापासून त्या परळला जाऊ लागल्या. तिथे उपासना मराठी, वेळ नऊची, स्त्रियांच्या बाजूला खिडक्या. त्यांनी खिडकीजवळचा बाक धरला. मन बसू लागले. फक्त एक अडचण होती. तिथे सूचना वाचण्याची पाळी दर महिन्याला बदलते, आणि पाळीचा नवा माणूस पहिल्याच रविवारी सभागृहावर नजर फिरवून म्हणतो, “आज आपल्यात एक पाहुण्या भगिनी आहेत.” मे, जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर. संकोचापोटी बाई दर वेळी उभ्या राहिल्या. आपण नवीन नाही, असे चारचौघांत म्हणणे त्यांना उद्धटपणाचे वाटले. प्रसूतिगृहात डॉक्टरांची चूकही त्या कानातच सांगत.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांनी सेक्रेटरी राजेश पाटोळे यांना गाठले. “माझा दाखला आहे. सात तारखेला मुदत संपते. पुढच्या रविवारी वाचाल का?”

“अहो, आनंदाने! प्रभुभोजनाचाच रविवार आहे. एक प्याला जास्त भरायला सांगतो,” पाटोळे म्हणाले.

तो आठवडा बाईंनी कसा काढला, ते दीपिकाने पाहिले आहे. पांढरी सुती साडी स्टार्च झाली. चष्म्याची दांडी दुरुस्त झाली. शनिवारी बकुळाबाईंनी विचारले, “उद्या लग्न आहे की काय?” तर बाई म्हणाल्या, “उद्या मी जेवणार आहे.”

दोन नोव्हेंबरला उपासनेच्या दहा मिनिटे आधी त्यांनी बंद लिफाफा पाटोळे यांच्या हातात दिला. पाटोळे यांनी तो फाइलीत ठेवला. सूचना सुरू झाल्या: सहलीची वर्गणी, ध्वनिक्षेपकाची दुरुस्ती, नाताळच्या गीतांची तालीम. दाखला नाही. त्यानंतर जे झाले ते वर नोंदवलेच आहे. सातवी खूणपट्टी हातात घेऊन बाई खाली बसल्या. त्यांनी पाटोळे यांच्याकडे पाहिले. पाटोळे यांनी हाताने खूण केली: नंतर, नंतर.

ताटे फिरली. मालनबाईंच्या बाकापाशी ताट आले, तेव्हा त्यांनी हात मांडीवरच ठेवला. ताट पुढे गेले. वर्षानुवर्षे उरलेले प्याले मोजत आलेली नजर. ती ताटामागे आपोआप गेली. ताट मेजावर परतले. त्यात एक प्याला भरलेला होता.

कोणी मान वर केली नाही. हा कोणाचा, असे कोणी विचारले नाही. पाळकांनी ताटावर पांढरे फडके ओढले आणि शेवटचे गीत सुरू झाले.

बाहेर पाटोळे म्हणाले, “बाई, त्याचं काय आहे, आधी कमिटीत ठेवावं लागतं. कमिटी जानेवारीत बसते.”

“पण मुदत?”

“होतं हो, ते सगळं होतं. प्रार्थनेत असू द्या.”

घरी बकुळाबाईंनी दार उघडले आणि काही न विचारता पाण्याचा तांब्या पुढे केला. “उपाशीच आलात ना?” मालनबाईंनी मान हलवली. ऐकून घेतल्यावर बकुळाबाई म्हणाल्या, “पुढच्या रविवारी मी येते. मला पण उभी करू दे त्यांना.”

“नको हो. तमाशा नको.”

“तमाशा कुठं? पाहुणी म्हणून येते. पाहुण्यांची हौस आहे ना त्यांना?”

नऊ नोव्हेंबरला त्या खरोखरच आल्या. पांढरी साडी, निळे काठ. ‘आपल्यात नवीन कोणी?’ हे शब्द निघताच उभ्या राहिल्या आणि कोणी पट्टी आणून देण्याआधी बोलू लागल्या, “मी बकुळा. काळाचौकीहून आले. सगळ्यांना जयभीम. मी नवीन आहे. ह्या माझ्या विहीणबाई. ह्यांना तुम्ही सात वेळा नवीन केलंत. जुनं कधी करणार, तेवढं सांगा.”

मागच्या बाकांवर हशा पिकला. पुढच्या बाकांवर शांतता होती. मालनबाईंनी पदराने तोंड झाकले. हसू झाकले की लाज, हे त्यांनाही सांगता आले नसते. खूणपट्टी आली. “द्या, आठवी,” असे म्हणून बकुळाबाईंनी ती घेतली.

उपासनेनंतर पाटोळे आले. चेहरा आवळलेला. “ताई, मंडळीच्या शिस्तीविषयी बाहेरच्यांनी बोलू नये.”

“बाहेरचीच बोलणार ना, भाऊ. आतले गप्प बसलेत.”

तेवीस नोव्हेंबरला लिफाफा परत मिळाला. फोडलेला होता. वर पाटोळे यांच्या अक्षरात: मुदत संपली, नवीन दाखला आणावा. बाईंनी नगरला फोन लावला. जुने पाळकसाहेब निवृत्त होऊन मुलाकडे गेले होते. नव्या पाळकांनी अत्यंत सभ्य भाषेत कळवले की ज्यांचे नाव यादीत नाही, त्यांना दाखला देता येत नाही. म्हणजे वयाच्या सोळाव्या वर्षापासून नगर सोडेपर्यंत एकही प्रभुभोजन न चुकवलेली ही स्त्री आज पृथ्वीवरच्या कोणत्याही मंडळीची सभासद नाही. यात कोणीही नियम मोडलेला नाही. संतापाची गोष्ट तीच आहे.

त्या संध्याकाळी बाईंनी दाखला प्रथमच वाचला. छापील मजकूर नेहमीचा: भगिनी पूर्ण सभासद, वर्तन उत्तम, आपल्यात प्रेमाने सामावून घ्यावे. खाली पाळकसाहेबांच्या थरथरत्या अक्षरात दोन ओळी जास्तीच्या होत्या.

‘बाईंना प्याल्यांचे काम द्यावे. उरलेला प्याला कोणाचा, हे सांगणारे आमच्याकडे आता कोणी नाही.’

बकुळाबाईंनी तो कागद हातातून घेतला, वाचला, घडी घालून परत दिला.

सात डिसेंबरला मालनबाई पुन्हा परळला गेल्या. दीपिका नको म्हणत होती. सूचना वाचणारा पुन्हा नवा होता; त्याने त्यांच्याकडे पाहून हसत पाहुण्यांना उभे राहण्याची विनंती केली आणि वाट पाहिली. बाई उठल्या नाहीत. त्यांनी खिडकीबाहेर पाहिले. टाळ्यांसाठी वर आलेले हात हळूहळू खाली गेले.

उपासना संपल्यावर त्या मागच्या मोरीपाशी जाऊन उंबऱ्यावर थांबल्या. अक्षदा नावाची तरुणी प्याले विसळत होती.

“उरलेत का गं?”

“हो आंटी, दोन.”

“कोणाचे?”

अक्षदाने नळ बंद केला. “म्हणजे?”

“कोण आलं नाही आज?”

“माहीत नाही हो,” ती म्हणाली आणि आत पाहिले. आत दिवे मालवणे चालू होते. बाईंनी पदर खोचला, मग हे काम आपले नाही हे आठवून पुन्हा सोडला आणि त्या घरी निघाल्या. पाटोळे यांनी जास्त भरायला सांगितलेला एक प्याला त्यांचाच; दुसरा प्याला कोणाचा, हे आजपर्यंत कोणालाही कळलेले नाही.

वाचकांकडे मागणी एकच आहे, आणि ती प्रार्थनेत ठेवण्याजोगी नाही. आपल्या मंडळीच्या फाइली उघडा. त्यांत पडून असलेले दाखले येत्या रविवारी, कमिटीची वाट न पाहता, मुदत न पाहता, सर्वांसमोर मोठ्याने वाचा.