मामांच्या निरोपाचं पनीर

आमच्या शाळेचे शिपाई मामा निवृत्त होणार होते. निरोपाला काय हवं, असं मुख्याध्यापकांनी त्यांना सगळ्यांदेखत विचारलं. असले प्रश्न उत्तर मिळावं म्हणून विचारलेले नसतात, हे मामांच्या ध्यानात आलं नाही.

"शाल-बिल नगं, साहेब. घोडेगावच्या हाटेलातून जन्मभर तुमचं मटन बांधून आनलं. एकदा तिथंच बसून तुमा सगळ्यांबरूबर खायचंय."

टाळ्या पडल्या. टाळ्यांच्या बाबतीत आमची स्टाफरूम सढळ आहे.

मुख्याध्यापकांनी शनिवार ठरवला, कारण त्या दिवशी शाळा सकाळची. शनिवारी आमच्यातलं जवळजवळ कुणीच मटण खात नाही, हे आठ पदवीधरांच्या लक्षात आलं ते हायवेवर गाडी थांबल्यावर. शनिशिंगणापूरचा रस्ता तिथून जवळच. "शनिवारी? आणि इथं?" असं म्हणत मुख्याध्यापक मटणाच्या हॉटेलकडे पाठ करून समोरच्या 'शुद्ध शाकाहारी'त शिरले. मधे फक्त रस्ता होता. आम्ही मेंढरांसारखे मागोमाग.

आत प्रत्येकाची भूक चर्चेला आली. मुख्याध्यापकांना उपवास होता, म्हणून त्यांनी साबुदाणा वड्यांच्या दोन प्लेटी आणि लस्सी सांगितली. विज्ञानाचे सर दिवसातून दोनदाच जेवतात आणि उरलेला दिवस त्याबद्दल बोलतात. त्यांनी फक्त काकडी मागवली आणि आमच्या रोट्यांमुळे आम्हाला काय काय होणार ते सांगायला घेतलं. गणिताच्या सरांनी मेनूकार्ड उघडलंच नाही. "आधी रोट्या येऊ द्या हो, भाजीचं नंतर बघू!"

पाऊण तास हे चाललं. मग कुणाला तरी आठवलं की जेवण मामांसाठी आहे.

"मामा, पनीर चालतं ना?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

"चालतंय की."

"बघा! कशाचा हट्ट नाही. साधा माणूस!"

वडे संपवून मुख्याध्यापक भाषणाला उभे राहिले. मामा म्हणजे आमच्या घरातलेच, शिपाई असं आम्ही त्यांना कधी मानलंच नाही, वगैरे. ते 'मानलंच नाही'वर आले तेव्हा मामा सवयीने उठून सगळ्यांच्या ग्लासात पाणी ओतत होते. मुख्याध्यापकांनी वाक्य न तोडता आपला ग्लास पुढे केला.

मामांनी तो भरला. जग टेबलावर ठेवला.

"साहेब, शनवार तुमचा हाय. माजा न्हाई," ते म्हणाले, आणि उसाची एक ट्रॉली जाऊ देऊन रस्ता ओलांडून गेले.

"अहो, शाल राहिली! फोटो राहिला!" मुख्याध्यापक ओरडले. मामा न जेवता गेले, हे त्या यादीत नव्हतं. "सर, जा, घेऊन या त्यांना." हे मला, कारण गणिताच्या सरांच्या दोन्ही हातांत रोट्या होत्या.

मटणाच्या हॉटेलात मामा दाराकडे तोंड करून बसले होते. पुढ्यात रस्सा, बाजरीची भाकरी, कांदा. शेजारची खुर्ची त्यांनी पायाने मागे सरकवली.

"बसा सर. का तुमचाबी शनवार?"

"नाही. मी कधीच पाळला नाही."

ते भाकरी चुरत थांबले. "मग मगाशी तिकडं का बोल्ला न्हाईत?"

गेली कित्येक वर्षं मी स्टाफरूमच्या कोपऱ्यात बसून या लोकांना मनातल्या मनात हसत आलो आहे. त्या हसण्याचा मामांना काडीचाही उपयोग झाला नव्हता. रस्त्यापलीकडे मुख्याध्यापक शाल उंचावून आम्हाला हाका मारत होते.

"चुकलं, मामा," मी म्हणालो आणि बसलो.

"लई तिखट हाय," मामा म्हणाले, आणि रश्श्याची वाटी माझ्याकडे सरकवली. "बेतानं घ्या."