ढोपरं वरच राहिली

आमच्या ख्रिस्ती मंडळीची दानपेटी काही कधी भरत नाही, पण किश्शांची पेटी मात्र कोंबून कोंबून भरलीय. झाकण लागत नाही! बोइसरला एका हार्डवेअरच्या दुकानावर आमची खोली आहे. दर रविवारी सतरंजी अंथरायची, बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, आणि मी कोपऱ्यात ढोलकी घेऊन. प्रार्थनेत सगळे डोळे मिटतात, ढोलकीवाला मिटत नाही. म्हणून मला इतरांपेक्षा जरा जास्त दिसतं. लोकांना वाटतं, प्रार्थनेला येणारी माणसं म्हणजे साधुसंत. अहो, साधुसंत असते तर घरी नसते का बसले?

*

आमच्या गायकवाड पास्टरांचा आवडता विषय एकच. माणसाच्या आत दोघं राहतात, एक देह आणि दुसरा आत्मा. देह खाली ओढतो, आत्मा पुढे नेतो, आणि एका घरात राहून दोघांचं पटत नाही.

"म्हंजे सासू-सून!" बायकांच्या पहिल्या रांगेतून काशीमावशी म्हणाली.

काशीमावशी दांडीची, म्हणजे इथल्याच समुद्रकाठच्या गावची. पाटी घेऊन बोइसरच्या बाजारात मासे विकायला बसते. तिच्या तोंडाला शिवीशिवाय वाक्य सुरू करायची सवय नव्हती. त्या रविवारी तिनं सगळ्यांसमोर प्रभूला शब्द दिला, यापुढे शिवी नाही. पुढच्या रविवारी साक्ष द्यायला, म्हणजे आपला अनुभव सांगायला उभी राहिली.

"आठवडाभर एक शिवी दिली नाय!" सगळे हालेलूया म्हणाले. "बुधवारी एक बाय आली. बोंबील हुंगते नि म्हनते, कालचे हायत. शिवी माझ्या जिभेवर आली. पन आत्म्यानं माझं तोंड धरलं!"

"मग?" पास्टरांनी आनंदानं विचारलं.

"मग काय? हाताला कोन धरनार? पाटी ओतली तिच्या डोक्यावर!"

*

पण खरं सांगायचंय ते लक्ष्मणचं.

लक्ष्मण मनोरच्या पलीकडच्या पाड्यावरचा. आधी पावसाळ्यात डोंगरउतारावर भात लावायचा आणि पाऊस सरला की बोइसरला यायचा. मग कपडा रंगवायच्या कंपनीत चिकटला आणि इथंच राहिला. हाडाचा गरीब माणूस, पण दारू पोटात गेली की दुसराच कोणी तरी बोलायला लागायचा. त्या दुसऱ्यानं केलेली एक खूण त्याच्या बायकोच्या, सुमनच्या कपाळावर आहे. तिनंच त्याला खोलीवर आणला. आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांदेखत सांगितलं, "हा सुटला तर माझं घर हाय. परत प्यायला तर मी पोरीला घेऊन पाड्यावर जाईन. मग देवानं बोलावलं तरी येनार नाय."

तेव्हापासून रोज संध्याकाळी तो कामावरून आला की सुमन दारातच त्याला उभं करायची. "तोंड उघड," म्हणायची. हुंगायची, मग आत घ्यायची. चाळीतले लोक हसायचे. लक्ष्मण मात्र शाळेतल्या पोरासारखा आ करून उभा राहायचा.

*

त्याचा बाप्तिस्मा ठरला दांडीच्या समुद्रावर. पास्टर घाटावरचे. विहीर माहीत, नदी माहीत, समुद्राचं काही माहीत नाही. त्यांनी सकाळची उपासना संपल्यावरची वेळ धरली.

"तवा सुकती हाय," मावशी म्हणाली. "पानी पार लांब जाईल."

"मावशी, वेळ देवाच्या हातात आहे."

"देवाच्याच हाय! पन तुमी त्याला इचारलंत काय?"

आम्ही पोचलो तेव्हा समुद्र खरंच लांब गेला होता. पास्टर आणि लक्ष्मण पांढऱ्या कपड्यांत चिखल तुडवत निघाले. चालतायत, चालतायत, पाणी काही गुडघ्याच्या वर येईना. शेवटी पास्टरांनी त्याला तिथंच आडवा केला. तोंड दाबलं की गुडघे वर येतात, गुडघे दाबले की तोंड वर येतं! दोन-तीनदा असं झाल्यावर पास्टरांनी तोंड बुडवलं आणि जाहीर केलं, "जुना माणूस मेला!"

काठावरून मावशी ओरडली, "ढोपरं वरच राहिली! तेवढा जुना हाय अजून!"

आम्ही हसून हसून लोळलो. लक्ष्मणही हसला. पण परत येताना टेम्पोत तो माझ्या शेजारी बसून ओल्या पँटीवरून गुडघे चोळत होता. हळूच म्हणाला, "दादा, चालतंय ना असं?"

"चालतंय रे," मी म्हटलं.

*

गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी आमच्यात पाय धुतात, येशूनं शिष्यांचे धुतले तसे. पास्टर गुडघ्यावर बसून एकेकाचे पाय घमेल्यात घेतात. लक्ष्मणचे पाय घोट्यापर्यंत निळे. पास्टरांनी साबण लावला, घासलं, परत साबण लावला. पाणी स्वच्छ आणि पाय निळेच. मागची माणसं चुळबुळ करायला लागली.

"पास्टर, सोडा," लक्ष्मण म्हणाला. "मळ नाय तो. कंपनीचा रंग हाय. कातडीबरोबरच जाईल."

पास्टरांनी साबण खाली ठेवला. बराच वेळ ते पाय तसेच हातात धरून बसले.

*

कंपनीच्या गेटापासून त्याच्या चाळीपर्यंतच्या रस्त्यावर देशी दारूचं दुकान. लक्ष्मण ते टाळायला उलटा वळायचा आणि रेल्वेच्या कुंपणाकडेनं मोठा वळसा घालून घरी जायचा. थंडीत जायचा, पावसात जायचा. आम्ही म्हणायचो, हा पुढच्या स्टेशनाला, उमरोळीला जाऊन येतो आणि मग घरी पोचतो!

एका रविवारी येऊन ढोलकीपाशी बसला. चेहरा उतरलेला. म्हणाला, "दादा, त्या वळशावरबी बियरचं दुकान उघडलं. फुगे लावल्यात दाराला."

मी ढोलकी बाजूला ठेवली.

"आत्मा चालवतो म्हनतात ना पास्टर? आता कुठनं चालवेल मला? रुळावरनं?"

मी हसलो. तो हसला नाही.

*

आता मनोजचं ऐका. मनोज बिहारचा, टेम्पो चालवतो, बोइसर ते दमण. नवीनच येऊ लागला होता आणि त्याचा उत्साह असा, की आम्ही एकदा हालेलूया म्हटलं की हा तीनदा म्हणायचा.

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्यात प्रभुभोजन असतं. भाकरीचा तुकडा आणि इवल्याशा पेल्यात द्राक्षरस. आमचा द्राक्षरस म्हणजे मनुका उकळून गाळलेलं पाणी, आणि ते करायचं काम सुमनचं. दुसऱ्या कोणाला पातेल्याला हात लावू द्यायची नाही. पण त्या खेपेला ती भातकापणीला माहेरी गेली होती. मनोज म्हणाला, मी बघतो.

त्यानं बघितलं! सगळ्यांनी पेले हातात घेतले, प्रार्थना झाली आणि आमच्या रीतीप्रमाणे सगळे एकदमच प्यायलो. घशाखाली गेलं आणि कळलं. पास्टरांचे डोळे खाडकन उघडले. काशीमावशी म्हणाली, "अगो बाय! ही तर दमनची दारू!"

मनोज मागून कौतुकानं म्हणाला, "असली है, भाईलोग! वचन में अंगूर का रस लिखा है, किशमिश का पानी थोड़ी ना!"

मी लक्ष्मणकडे बघितलं. त्याचे डोळे मिटलेले होते. पेला तोंडावर उपडा धरला होता आणि जीभ पेल्याच्या तळाशी फिरत होती.

*

पुढचं सांगताना माझी ढोलकी थांबते. त्या दिवशी घरी जाताना त्यानं वळसा घातला नाही, एवढंच सांगतो. सुमन परत आली, दारात उभी राहिली आणि म्हणाली, "तोंड उघड." त्यानं तोंड उघडलं नाही, हात उगारला. तिचा उजवा हात मनगटात मोडला. प्लास्टर घालून ती पोरीला घेऊन पाड्यावर गेली. लक्ष्मणची कंपनी सुटली.

मनोजला कोणी बोललं नाही. कोणी बोललं असतं तर बरं झालं असतं. तो जिन्यातच बसायला लागला, आत यायचाच नाही.

*

काही दिवसांनी, भर दुपारी, काशीमावशी दांडीच्या काठावर बोंबील वाळत घालत होती. भरती पुरती चढली होती. तिनं बघितलं, तर होड्यांच्या मधून कोणी तरी कपड्यांनिशी पाण्यात चाललंय. पाणी छातीला लागलं तेव्हा तो मागं वळला. लक्ष्मण!

"मावशी!" तो ओरडला. "आता ढोपरं बुडली काय?"

मावशी लुगड्याचा काचा मारून पाण्यात शिरली. त्याच्या केसांना धरून तिनं त्याला बाहेर ओढला, आणि ओढताना तिच्या तोंडून जे निघालं ते ऐकून जाळी विणणारे बाप्येसुद्धा खाली बघायला लागले म्हणे! वर्षभर आवरून धरलेल्या सगळ्या शिव्या होत्या त्या.

रविवारी तिनं स्वतःच उठून हे सांगितलं. मागून कोणी तरी विचारलं, "मग मावशी, प्रभूला दिलेला शब्द?"

"काठावर ठेवलावता," मावशी म्हणाली. "चपलांबरोबर."

*

त्यानंतरच्या प्रभुभोजनाला सुमन आली. प्लास्टरचा हात गळ्यात, दुसऱ्या हातात मनुकांच्या पाण्याचं पातेलं. पातेलं पास्टरांपुढे ठेवलं. बायकांत जाऊन बसली. लक्ष्मण भिंतीला टेकून सगळ्यात मागं बसला होता.

ताट फिरलं. सगळ्यांनी पेले घेतले. लक्ष्मणनं घेतला नाही. आमच्यात सगळ्यांच्या हातात पेला आल्याशिवाय पास्टर आमेन म्हणत नाहीत. तेव्हा आम्ही पेले धरून बसलो. पंखा खडखडत होता. दारात मनोज उभा होता.

"घे, लक्ष्मण," पास्टर म्हणाले.

"नको. वास तसाच येतो."

काशीमावशी उठली, पुरुषांच्या बाजूला आली. ताटातला त्याचा पेला उचलला, घोट घेतला, जीभ फिरवली. "मनुका हाय," म्हणाली. "घे मेल्या."

त्यानं मावशीकडे बघितलंच नाही. तो पलीकडे, बायकांच्या रांगेकडे बघत होता. हळूहळू सगळेच तिकडे बघायला लागले. सुमन मान खाली घालून बसली होती. मला वाटलं, उठून जाईल. आणि ती उठलीच. पण जिन्याकडे गेली नाही. माणसांच्या गुडघ्यांमधून वाट काढत मागं आली आणि त्याच्यासमोर उभी राहिली.

"तोंड उघड," म्हणाली.

लक्ष्मणनं तोंड उघडलं. सुमन वाकली, सगळ्या मंडळीदेखत हुंगलं. परत एकदा हुंगलं. मग मावशीच्या हातातला पेला डाव्या हातानं काढून घेतला आणि त्याच्या हातात दिला.

"पी," म्हणाली.