रुसवे काढणारे वकीलसाहेब

देवराव गोतमारे यांची वकिली दोन ठिकाणी चाले. एक नागपूरच्या कोर्टात आणि दुसरी लग्नाच्या मांडवात. कोर्टात फी मिळे. मांडवात बुंदीचा लाडू मिळे, तोही आग्रह करकरून, म्हणजे नाही म्हणायची सोय नाही.

आमच्याकडे कुणी रुसल्याशिवाय लग्न लागल्यासारखे वाटतच नाही. आत्या रुसते, मामा रुसतो, जावयाचा तर तो हक्कच. मग रुसलेल्याच्या शेजारी बसायचे, पाठीवरून हात फिरवायचा, त्याच्या आजोबांच्या मोठेपणापासून सुरुवात करायची आणि हळूहळू त्याला पंगतीपर्यंत आणायचे. ही कला देवरावांना अशी साधली होती की लोक पत्रिका छापण्याआधी त्यांना विचारून मुहूर्त धरत. नागपूरच्या सदर भागातल्या त्यांच्या ऑफिसात पक्षकार खोळंबलेले असत आणि बाहेर कुणाची तरी जीप उभी असे, आत निरोप येई की फुफाजी, म्हणजे आत्याचे यजमान, जेवून नाही राहिले. देवराव कोट चढवून निघत.

चौऱ्याहत्तर सालच्या लग्नसराईत मात्र घात झाला. उमरेडच्या अंजनाबाईंचा दावा होता. भाड्याच्या पडवीत त्यांचा हातमाग होता, लुगडी विणून घर चालायचे, आणि मालकाला पडवी रिकामी हवी होती. युक्तिवादाच्या दिवशी देवराव उभे राहिले, तोंड उघडले आणि आतून नुसती हवा आली. आदल्या दिवशी एका लग्नात दोन मामांना आणि एका आत्याला समजावले होते. कोर्टाने पुढचा सोमवार दिला आणि ही शेवटची संधी असल्याचे बजावले.

अंजनाबाई रागावल्या नाहीत. बसला जाण्यापूर्वी एवढेच म्हणाल्या, "दुसऱ्यायचे रुसवे काढता काढता तुमचा गळा गेला, साहेब. माह्या मागासाठी कोन बोलन?"

घरी येऊन देवरावांनी खुणांनीच जाहीर केले की रुसवे बंद. त्यांच्या पत्नी प्रेमिलाताईंनी हळदीचे दूध पुढे केले आणि हसू आवरले. तंबाखूही देवरावांनी आजवर अशीच जाहीरपणे सोडलेली होती, चारपाच वेळा.

परीक्षा रविवारीच आली. खाप्याला थोरल्या भावाच्या, रामाजींच्या, मुलीचे लग्न होते. अक्षता पडल्या, आणि दोघा भावांच्या बहिणीचे यजमान मधुकरराव मांडवामागे बाजेवर भिंतीकडे तोंड करून बसले. त्यांचा फेटा म्हणे धाकट्या जावयाच्या फेट्यापेक्षा दोन हात आखूड होता. मधुकरराव हे घराण्यातले नामांकित रुसणारे. त्यांना उठवायचे म्हणजे संध्याकाळची निश्चिंती.

देवरावांचा हात सवयीने पाठीवरून फिरण्यासाठी वर गेला. तो त्यांनी धरून कोटाच्या खिशात घातला आणि पिशवी उचलली.

"काहून गा देवराव," रामाजी म्हणाले, "जवाईबापू उपाशी बसले न् तू बसस्टँडवर चालला?"

"उद्या अंजनाबाईसाठी बोलाचं आहे मले, दादा. आज गळा खर्चाचा नाही."

कुणी म्हणाले, शहरात जाऊन माणूस बदलला. कुणी म्हणाले, साहेब झाला. प्रेमिलाताईंनी दुसरी पिशवी उचलली आणि नवऱ्याच्या पुढे चालू लागल्या. बसमध्ये कंडक्टरने कुठे जायचे विचारले, तर देवरावांनी बोटानेच नागपूरची दिशा दाखवली.

सोमवारी त्यांचा आवाज असा लागला की शेजारच्या कोर्टातला शिपाई डोकावून गेला. अंजनाबाईंचा माग पडवीतच राहिला.

खाप्याची हकिकत नंतर कळली. मधुकरराव बराच वेळ भिंत बघत होते. अधूनमधून मान वळवून देवराव येतो का ते पाहत. कुणीच आले नाही. आला तो वांग्याच्या भाजीचा वास. शेवटी ते आपले आपणच उठले, शेवटच्या पंगतीला बसले, आणि पोळी दोनदा मागून घेतली.

पुढच्या लग्नात त्यांनी देवरावांना बाजूला घेतले. चेहरा पडलेला होता.

"तू नसला तं रुसाले मजाच येत नाही गा."

"मंग जेवत जा, जवाईबापू," देवराव म्हणाले आणि पंगतीत आपल्या शेजारचा पाट त्यांच्यासाठी सरकवला.