खुर्चीवरून ऐकलेली पोथी

मला देवाचा अनुभव आला असं म्हणायला मी अजूनही कचरते. आमच्या घरात शाळेपुढं शिकलेली मी पहिलीच. परभणीला कॉलेजात जायला लागल्यापासून मनात शंका यायच्या आणि त्या बोलून दाखवायला घरी कुणी नव्हतं. पण मायच्या दुसऱ्या ऑपरेशनच्या वेळी जे घडलं, ते जसं घडलं तसं लिहून ठेवावंसं वाटतं.

मी शाळेत होते तेव्हा माय विहिरीच्या पायऱ्यांवरून घसरून पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. मोठ्या शहरातल्या सरकारी दवाखान्यात तिला धातूचा सांधा बसवला. जमिनीवर बसायचं नाही, असं डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं. मायनं ते पाळलंही. चूल ओट्यावर घेतली, जेवायला बाजेवर बसू लागली. फक्त श्रावणात मारुतीच्या देवळात पोथी लागली की ती सगळ्यांबरोबर खाली मांडी घालून बसायची. आमच्या झरी गावात पोथीपेक्षा उंच जागी कुणी बसत नाही. खुर्ची घे म्हटलं की ती म्हणायची, "देवाच्या उरावर बसू का मी?"

काही वर्षांनी तिची मांडी दुखायला लागली. मग काठी आली. शेवटी मी तिला घेऊन पुन्हा त्याच दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरून मला समजावून सांगितलं. सांधा पक्का करणारं सिमेंट सुटलं होतं, त्यामुळे तो हाडात हलत होता आणि आतून हाड झिजत होतं. आता जुना सांधा काढायचा, हाड साफ करायचं, झिजलेल्या जागी दुसरं हाड भरायचं आणि मग नवा सांधा बसवायचा. हे काम पहिल्यापेक्षा अवघड, रक्तही जास्त लागणार. मांडी घातल्यानंच असं झालं म्हणता येणार नाही, सांधे झिजतातच, असंही ते म्हणाले. पण असा दुसऱ्यांदा बसवलेला सांधा निखळायची भीती जास्त असते. तेव्हा जमिनीवर बसणं कायमचं बंद, हे आईला कबूल आहे का ते उद्या सकाळी सांगा.

मी चाचरत मायला सगळं सांगितलं. तिला ते माझ्यापेक्षा लवकर समजलं.

"म्हंजी जात्याचा खुंटा ढिला झालाय. उपसून पुन्हा ठोकायचा."

"हो."

"ठोकतील. पर मंग पोथी?"

मी एक्स-रे पाकिटात घालायला लागले.

"मंग ऱ्हाऊ दे," माय म्हणाली. "लंगडत जाईन, पर खाली बसून ऐकीन."

ऑपरेशन केलं नाही तर पुढं उभंही राहता येणार नाही, हे मी तिला पुन्हा पुन्हा सांगितलं. तिनं तोंड फिरवलं. मी बाहेर व्हरांड्यात आले. रागावू की रडू, कळत नव्हतं. कितीतरी दिवसांनी मी मनातल्या मनात देवाला म्हणाले, मला काही सुचत नाही, आता तूच बघ. म्हटलं खरं, पण कुणी ऐकत असेल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

परत आले तर शेजारच्या खाटेवर नव्या बाई आल्या होत्या. पालमकडच्या, वयस्कर, पायाला वजन टांगलेलं. त्यांचे म्हातारे पती भेटायला आले होते. त्या चाचांनी हिरव्या कापडातून आपली किताब, कुराण, काढली आणि खाटेशेजारी उभे राहून हळू आवाजात वाचायला लागले. जवळ स्टूल होतं, तरी बसले नाहीत. माय बराच वेळ बघत होती.

"भाऊ, टूल हाय की. बसून वाचा."

"बसलो तर किताब खाली जाती, बाई. ही खाटेवर आन किताब हिच्या खाली, कसं चालंल? हिला उतरता येत न्हाई. मंग मीच उभा ऱ्हातो."

"पाय दुखत न्हाईत?"

"दुखले तर थांबतो. माझी उमर त्याला ठाऊक हाय."

खाटेवरून बाई म्हणाल्या, "लगीन झाल्यापास्नं पैल्यांदाच माझ्यासाठी उभे ऱ्हायलेत. पाय मोडल्याचा येवढा फायदा झाला."

माय हसली. कितीतरी दिवसांनी. मग वाचन संपेपर्यंत ती हात जोडून पडून राहिली. चाचांनी किताब कापडात गुंडाळली तेव्हा मला म्हणाली, "पोरी, डाक्टरला सांग, ठोका म्हणावं."

ऑपरेशन लांबलं, रक्तही लागलं. दाराबाहेर बसले असताना भीती होतीच, पण व्हरांड्यात म्हटलेलं ते 'तूच बघ' आता खरंच मनापासून म्हणता येत होतं. मायला पुन्हा वॉर्डात आणलं तोवर शेजारच्या खाटेवर दुसरंच कुणी होतं. चाचांचं नाव विचारायचं राहून गेलं.

पुढच्या श्रावणात मी भीत भीत पोथी वाचणाऱ्या आबांकडे गेले आणि त्यांना दवाखान्यातली हकीकत सांगितली. आबांनी सगळं ऐकून घेतलं. संध्याकाळी देवळात गेलो तर पोथीचा पाट गाभाऱ्यापुढच्या उंच ओट्यावर मांडलेला आणि खाली भिंतीशी एक खुर्ची. आबा भिंत धरून ओट्यावर चढत होते.

"तुझ्यापायी मला या वयात चढायला लागायलंय," ते मायला म्हणाले. "उद्या माझा खुबा गेला तर?"

"मंग तुमी बी खुर्ची आणा. माझ्याशेजारी जागा हाय."

सगळं देऊळ हसलं आणि पोथी सुरू झाली. माय मान वर करून ऐकत होती.

अध्याय संपला की आमच्याकडे प्रत्येक जण पोथीवर डोकं टेकवतो. मायला ना चढता येत होतं, ना तेवढं वाकता. तिनं बसल्या जागेवरून हात जोडले. आबांनी ते पाहिलं. त्यांनी पोथी कापडात बांधली, छातीशी धरली, सावकाश खाली उतरले आणि मायच्या कपाळाला लावली. मायनं डोळे मिटले.

शरण जायचं म्हणजे आपण खाली वाकायचं, एवढंच मला तोवर माहीत होतं. ज्याला वाकता येत नाही त्याच्यापर्यंत देव स्वतः उतरून येतो, हे मी त्या दिवशी पाहिलं. माझ्या सगळ्या शंका फिटल्या असं नाही. पण देवळात शिरताना मी आधी पालमच्या त्या चाचांना मनातल्या मनात हात जोडते, मग मारुतीला.