ओल बघणारी बाई

हर्सूलच्या रूपा वाहूळला कटकट गेटपासून हडकोपर्यंत लोक ‘ओल बघणारी बाई’ म्हणून ओळखतात. भिंत का फुगली, कपाटातल्या साड्यांना कुबट वास का येतो, कोपऱ्यात काळे ठिपके कुठून आले, हे शोधून सांगणं तिचं काम. तिच्या पिशवीत मोबाइलएवढं एक यंत्र असतं, त्याला पुढे दोन सुया. त्या भिंतीत टोचल्या की आतली ओल आकड्यात दिसते. पण यंत्र बाहेर काढण्याआधी ती भिंतीला गाल लावून उभी राहते. थंडावा हातापेक्षा गालाला आधी कळतो, असं तिचं म्हणणं. नवी माणसं हे बघून हसतात. हसू देत.

आपल्या शहरात तिला कामाची काय ददात? पाऊस पडो न पडो, नळाला पाणी येणार आठवड्याने, कधी त्याहूनही उशिरा. आणि आलं की लग्नघरासारखी धावपळ. ड्रम, टाक्या, हंडे, बादल्या, जमिनीखालचा हौद. एक चहाचं पातेलं तेवढं भरायचं राहतं. मग ते पाणी घरातच मुक्काम ठोकतं आणि हळूहळू भिंतीत शिरतं. माणसं तहानलेली आणि भिंती ओल्या, असा उफराटा कारभार. त्यावर लोकांचे इलाजही ठरलेले. पुढे कपाट सरकवायचं, कॅलेंडर लटकवायचं, आणि हात सैल असेल तर प्लास्टिकची चकचकीत पॅनेल ठोकायची. आत बुरशी मजेत वाढते आणि बाहेर पाहुणे म्हणतात, वा, घर काय सजवलंय!

तिला या कामाला लावलं ते दाऊदभाईंनी. घरांची गळती बंद करून देणं हा त्यांचा धंदा. भिंत बघायची तर आत जावं लागतं, आणि दुपारी घरात असतात त्या बायका. “मेरेकू कौन बेडरूममें जाने देता?” दाऊदभाई म्हणायचे. “बाहर खडे रहकेच पूछना पडता, भाभी, कोना काला है क्या?” रूपा मात्र सरळ आत जाते, पलंग सरकवते, ओट्याखाली डोकं घालते, न्हाणीत वाकून बघते. बायका तिला भिंतीचं दाखवता दाखवता घरातलं बरंच काही सांगून टाकतात.

तिची एक अट असते. सगळं बघून झालं की ती म्हणते, “घरात असतील तेवढ्यांना बोलवा, मग सांगते.” एकट्याच्या कानात ती कधी निकाल सांगत नाही. रोशन गेटच्या एका घरात तान्ह्या पोरीचा खोकला हटत नव्हता. आजी अनवरी यांनी निकाल कधीच देऊन टाकला होता: सून ओले कपडे खोलीत वाळत घालते, म्हणून भिंत सडली. रूपाने पाळणा सरकवून बघितलं, तर वरच्या मजल्यावरच्या न्हाणीचा पाइप भिंतीत पाझरत होता. सगळे जमल्यावर ती खणखणीत आवाजात म्हणाली, “पाइप फूटा है. बहू का कुछ बी कुसूर नै. सब सुन लिये ना?” अनवरींनी तोंड फिरवलं. सून महेजबीन जिन्यापर्यंत सोडायला आली आणि तिने रूपाचा हात बराच वेळ धरून ठेवला.

चारचौघांत सांगण्याचा हा हट्ट कशापायी, हे दाऊदभाईंना ठाऊक आहे. रूपाच्या वेळी असं कोणी सांगितलं नव्हतं.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत, ऐन उन्हाळ्यात, तिचा नवरा राजकुमार तापाने फणफणला. वाळूजच्या कारखान्यांचा माल टेम्पोने वाहणारा उंचापुरा माणूस, आजारपण कसं असतं हे त्याला माहीतच नव्हतं. धावाधाव करून दवाखान्यात खाट मिळाली, त्यातून तो उठला, घरीही आला. पण अंगाची आग काही शमेना. देवगाव रंगारीहून त्याची आई चंपाबाई रोज फोन करायची. गाड्या बंद, म्हातारी येणार कशी? “त्याची बाज पाण्यापाशी टाक गं,” ती सांगायची. “अंगातली आग उतरंल.” गावाकडे तापाच्या माणसाला रांजणाजवळच निजवतात. रूपाने ऐकलं. दोन खोल्यांच्या घरात थंड जागा एकच, निळ्या ड्रमांची. ड्रमांमागची भिंत खालून वर काळी पडली होती, पण त्या दिवसांत भिंतीकडे बघतो कोण? राजकुमारला तिथे बरं वाटायचं. ड्रमाला तळवा लावून तो डोळे मिटून पडायचा.

मग त्याचा गाल सुजला. डोळा ठणकू लागला, नाकातून काळं येऊ लागलं. डॉक्टर म्हणाले, बुरशी आहे. डोळा काढला, तरी माणूस हाती लागला नाही.

डॉक्टरांनी रूपाला बाजूला बसवून समजावलं होतं. साखर भलतीच वाढली होती, औषधं जालीम द्यावी लागली, अंगात लढायची ताकद उरली नव्हती. ही बुरशी हवेत असते, मातीत असते, घरच्या भिंतीला दोष देऊ नका. पण हे ऐकायला रूपा एकटीच होती. चंपाबाई आली ती थेट जलदानाच्या दिवशी, लेकाच्या दिवसकार्याला, आणि उंबरा ओलांडताच तिला दिसली ती भिंत. लेकाच्या उशाशी काळी भिंत, आणि लेकाच्या तोंडावरही तसलाच काळेपणा आला होता म्हणतात. आईच्या मनाला आणखी काय पुरावा लागतो?

“या भितीनं माझा लेक खाल्ला,” ती भरल्या माणसांत म्हणाली. “अन् ही बया रोज ती भित बघत व्हती!”

पाहुण्यांनी माना खाली घातल्या. बाज तिथे टाकायला कोणी सांगितलं होतं, हे रूपाच्या अगदी ओठांवर आलं. पण समोर म्हातारी छाती पिटत होती, तिच्या बांगड्या वाजत होत्या. पोटचा गोळा गेलेल्या बाईला असलं काही ऐकवायला काळीज दगडाचं लागतं. रूपाने शब्द गिळला, आणि गिळला तो कायमचाच.

त्या संध्याकाळी चंपाबाईने पाच वर्षांच्या मेघाला कडेवर घेतलं. “भित कोरडी झाली की घेऊन जाय तुझी पोर. तवर नाय द्यायची मी.” रूपा स्वतःच भेदरलेली होती. पोर थोडे दिवस मोकळ्या हवेत राहिली तर बरंच, असं तिलाही वाटलं. थोडे दिवस!

ती भिंत कोरडी करण्यासाठीच तिने दाऊदभाईंना बोलावलं होतं. पाणी भिंतीत वर कसं चढतं? हे पांढरं मीठ कशाने फुटतं? बुरशी मेली हे कळतं कसं? प्रश्नांनी तिने त्यांना इतकं भंडावलं की ते वैतागून म्हणाले, “तुम तो मेरेसे जास्ती पूछ रहे. कलसे कामपेच आ जाओ.” ती खरंच गेली. दिवसभर लोकांच्या भिंती बघायची आणि सुटीच्या दिवशी स्वतःची खरवडायची. ड्रम अंगणात नेले. जुना गिलावा विटेपर्यंत उतरवला. हवेसाठी नवी खिडकी पाडून घेतली. पहिल्या वर्षी नव्या गिलाव्यातून मीठ फुटलं. पुढच्या वर्षी कळलं की शेजाऱ्याचा हौद झिरपतोय. शेजाऱ्याला मनवण्यात आणखी एक पावसाळा गेला.

दर उन्हाळ्यात चंपाबाई एसटीने यायची. पाणीही न घेता भिंतीपाशी जायची, पदराला हात पुसून तळवा टेकवायची. “वलं हाय,” म्हणायची आणि आल्या पावली परत. खरं दुखणं हे होतं की म्हातारी खोटं बोलत नव्हती. रूपाचं यंत्रही तेच सांगायचं.

आणि मेघा? रूपा जमेल त्या रविवारी देवगावला जायची. सुरुवातीला निघायच्या वेळी पोर एसटीमागे धावायची, दोघी-तिघींनी मिळून धरावी लागायची. पुढे ती फाटकापर्यंत येऊन हात हलवू लागली. मग एका रविवारी लंगडीचा डाव अर्धवट टाकायला तिने नकार दिला आणि तिथूनच ओरडली, “बाय, मम्मी!” एसटीत रूपा खिडकीकडे तोंड करून गंगापूर फाट्यापर्यंत रडत आली.

यंदा भिंत वाळली. रूपाने पावसाळाभर बघितली, हिवाळाभर बघितली, खाली बघितली, कोपऱ्यात बघितली. शेवटी गाल लावला, तर भिंत कोमट लागली, झोपलेल्या माणसाच्या पाठीसारखी. ती तिथेच उभी राहून रडली. मग भिंतीला गुलाबी रंग दिला, कारण पाच वर्षांच्या मेघाला गुलाबी आवडायचा. खिडकीखाली छोटा पलंग टाकला. जवळच्या शाळेत चौकशी करून आली. फोनवर तिला शब्द सुचेनात. “आत्याबाई, या. आता मेघाला घेऊनच या.”

दोघी मे महिन्यातल्या एका सकाळी आल्या. चंपाबाईने हात पुसला, तळवा टेकवला. खाली वाकून टेकवला, ड्रम असायचे त्या जागी टेकवला. मग ती तिथेच जमिनीवर बसली.

“कोरडी हाय,” ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, “बाज हितं टाक म्हून मीच म्हणले व्हते ना गं?”

रूपाला वाटायचं, म्हातारी हे विसरली असेल. विसरली नव्हती. इतकी वर्षं तेच उराशी घेऊन ती सुनेवर आग पाखडत होती.

“आत्याबाई, भिंतीनं नाही झालं ते. डॉक्टर सांगत होते…”

“मंग कशानं झालं?”

रूपाने सांगितलं. साखरेचं, औषधांचं, हवेतल्या बुरशीचं, जे सांगायला इतकी वर्षं लागली ते सगळं. चंपाबाईने ऐकलं, पण त्यात दोष द्यायला कोणीच सापडत नव्हतं, तेव्हा तिचं समाधान कसं व्हावं? दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या, राजकुमार गेल्यापासून पहिल्यांदा. “घे तुझी लेक,” डोळे पुसत म्हातारी म्हणाली. “लई दिस ठिवली म्या.”

लेक अजून दारातच होती. दहा वर्षांची, दोन वेण्या, ओढणी नाकावर गच्च धरलेली.

“ये ना बाळा, आत ये. बघ, तुझा पलंग.”

मेघा आत आली. पलंगाकडे बघून तिने मान डोलवली. तिचा चेहरा लाल होत गेला, डोळे मोठे झाले, आणि एकाएकी ती अंगणात पळाली. बाहेर जाऊन तिने मोठ्याने श्वास घेतला. आत होती तेवढा वेळ पोरीने श्वासच रोखून धरला होता.

या भिंतीने पप्पा खाल्ला, हे ऐकतच पोर मोठी झाली होती. गिलावा उतरवता येतो. हे कुठून खरवडायचं?

मेघाने पोह्यांची बशी बाहेर पायरीवर नेऊन खाल्ली. पाणी स्वतःच्या बाटलीतलं प्यायली. दुपारी रूपाने तिला हाताला धरून आत आणलं आणि यंत्राच्या सुया भिंतीला लावल्या. “हे बघ, हिरवा दिवा. हिरवा म्हणजे कोरडं. आजीनं पण बघितलं ना?”

“हां, मम्मी,” मेघा ओढणीआडून म्हणाली. शहाण्या मुलीसारखी. मग हळूच विचारलं, “म्हंजे आता मला हितंच ऱ्हावं लागंल?”

“तुझंच घर आहे ना गं?”

“व्हय.” तिचे ओठ थरथरत होते, पण ती रडत नव्हती. मम्मीला वाईट वाटंल असं वागू नको, हे आजीने बजावून आणलेलं दिसत होतं. “मम्मी, परत एकदा बघ ना. कुठंतरी जरासं वलं असंल. नीट बघ ना, मम्मी.”

रूपाने लेकीच्या डोळ्यांत बघितलं. पोर कोरड्या भिंतीची खात्री मागत नव्हती, सुटका मागत होती. लोकांच्या घरात उभं राहून जिने भिंतीबद्दल एक शब्द कधी खोटा सांगितला नाही, त्या बाईने यंत्र पुन्हा भिंतीला लावलं. हिरवा दिवा लागला. तिने त्यावर अंगठा ठेवला.

“वलं हाय,” ती म्हणाली. “आतून वलं हाय अजून.”

चंपाबाईने तोंड उघडलं, भिंतीकडे बघितलं, सुनेकडे बघितलं, आणि पदर तोंडावर दाबून मान खाली घातली.

“म्हंजे मी आजीसंगं जाऊ?”

“जा बाळा. वाळली की सांगते.”

मेघाने ओढणी खाली सोडली. तिचा सगळा चेहरा मोकळा झाला, ती खुदकन हसली, आणि आल्यापासून पहिल्यांदा धावत येऊन तिने आईच्या कमरेला घट्ट मिठी मारली.