बांगड्या वाढवू का?

सिस्टरबाई मराठीत एक वाक्य बोलल्या की उजव्या कानाची पाळी चिमटीत धरायच्या आणि समोरच्याला विचारायच्या, "बरोबर बोलली ना मी?"

वाक्य साधंच असायचं. पाणी उकळून प्या, एवढंच. पण बोलून झालं की कान हातात. आपल्याकडे माणूस कान कधी धरतो ते तुम्हाला माहीत आहे. त्यामुळे आमच्या उंद्री गावात सुरुवातीला लोकांना वाटायचं, ही बाई वाक्यागणिक माफी मागते की काय!

त्या केरळच्या. सरकारी दवाखान्यात नेमणूक झाली आणि आमच्या घराची रस्त्याकडची खोली त्यांनी भाड्यानं घेतली. मी तेव्हा नवी सून. गल्लीतल्या सुनांमध्ये मॅट्रिक झालेली मी एकटीच, म्हणून ताठा असा की डोक्यावर हंडा नसतानाही मान ताठ. त्यांना मराठी शिकवायचं काम मामंजींनी माझ्याकडे दिलं. चुकीच्या माणसाकडे दिलं. नातवंडं आता म्हणतात, आजी, म्हातारपणी तू फार खोडकर झालीस. झाले नाही रे बाबांनो, होतेच. तेव्हा फक्त तोंडात दात होते.

पहिल्याच आठवड्यात मी त्यांना शिकवलं, की वडीलधाऱ्या माणसाला मान द्यायचा तर ‘बे’ म्हणायचं. दुसऱ्या दिवशी मामंजी ओसरीवर चहा पीत होते. सिस्टरबाई रक्तदाबाचं यंत्र घेऊन समोर उभ्या राहिल्या आणि अगदी अदबीनं म्हणाल्या, "काऊन बे, गोळी घेतली का?"

मामंजींची बशी धोतरावर कलंडली. मी चुलीपुढे पदर तोंडात कोंबून बसले. सिस्टरबाईंनी कान धरला. "बरोबर बोलली ना मी?"

मामंजींनी एकदा स्वयंपाकघराकडे पाहिलं. मग म्हणाले, "एकदम बरोबर. घेतली बे, घेतली."

तेव्हापासून ते दोघं एकमेकांना बे म्हणू लागले. बे म्हणजे अरे-तुरेतलं, हा खरा अर्थ कळल्यावरही थांबले नाहीत. चेष्टा माझी आणि जिव्हाळा त्यांच्या वाट्याला. तेवढ्यावर मी शहाणी व्हायला हवं होतं.

बाई विचारायच्या फार. बाळंतिणीच्या खाटेखाली विळा का ठेवता? बाळाला काळी तीट का लावता? उत्तर ऐकून हसायच्या मात्र नाहीत. बाळाचं वजन केलं की आकडा मोठ्यानं न सांगता आईच्या कानात सांगायच्या, कारण भरल्या अंगाच्या लेकराचं वजन चारचौघांत बोललं तर नजर लागते, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. सुई टोचायच्या आधी आईला म्हणायच्या, "तीट लावली का? नसेल तर लाव. मी थांबते." बाया लेकरं घेऊन आपणहून यायला लागल्या. मला मात्र वाटायचं, दवाखान्याची शिकलेली बाई आणि काजळाची वाट पाहते! मी मॅट्रिक ना.

ज्वारी सोंगायचे दिवस होते. मी अंगणात तूर पाखडत बसले होते. सिस्टरबाई पिशवी घेऊन घाईनं बाहेर पडल्या आणि मागे वळून विचारलं, "काचेच्या बांगड्या तोडून काढायच्या असल्या तर काय म्हणायचं?"

मला शब्द माहीत होता. आपल्याकडे प्रत्येकीला माहीत असतो. नवरा असलेल्या बाईची बांगडी फुटली तरी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. काढायची असेल तर वाढवायची. फोडतात त्या एकाच दिवशी, नवऱ्याला नेल्यावर.

कोणाच्या बांगड्या, कशाला, काही विचारलं नाही मी. चार बाया कशा कानाला हात लावतील ते चित्र डोळ्यांपुढे आलं आणि मी सूप हलवत म्हटलं, "फोडा म्हणा."

"फोडा," त्यांनी घोकलं आणि गेल्या.

त्या गेल्या होत्या मागच्या गल्लीत. तिथल्या माझ्याच वयाच्या एका सुनेला सोंगताना विळा लागला होता. जखम चिघळली, हात कोपरापर्यंत सुजला आणि बांगड्या मांसात रुतल्या. पंजा काळानिळा पडत चालला होता. आणि तिचा नवरा तेव्हा काविळीनं बुलढाण्याच्या दवाखान्यात पडलेला. अशा घरात दवाखान्याची बाई लगबगीनं शिरली आणि म्हणाली, "लवकर, बांगड्या फोडा."

त्या घराला वाटलं, निरोपच आला.

रडण्याचा गलका माझ्या अंगणापर्यंत ऐकू आला. सूप माझ्या हातात तसंच राहिलं.

सिस्टरबाई परतल्या तेव्हा पांढऱ्या साडीवर शेणकाल्याचं पाणी होतं. त्यांना हाकलून दिलं होतं. नवरा जिवंत आहे हे घराला पटायलाच दुपार झाली, आणि मग तर हाताला हातच लावू देईनात. दारात उभं राहून त्यांनी कान धरला. "चुकली मी. कुठं चुकली, सांग ना. तिचा हात जाईल."

मी सांगितलं. वाढवणं म्हणजे काय, फोडणं म्हणजे काय, सवाशिणीचा हात क्षणभरही रिकामा का ठेवत नाहीत, सगळं सांगितलं. आणि शेवटी, मामंजी ऐकत होते म्हणून, म्हटलं, "मी तर वाढवाच म्हटलं होतं. तुम्हालाच फोडा ऐकू आलं असेल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हातातला कान जरा पिळला. "हो? मग हा कान खराब आहे माझा."

मामंजींनी काठी उचलली. "चाल बे, मी येतो तुह्यासंग. सूनबाई, तुह्या नव्या हिरव्या बांगड्या आण. अन् तूही चाल."

मी कुंपणाशीच थांबले; दार उघडंच होतं. आत सिस्टरबाई त्या सुनेच्या खाटेपाशी, जमिनीवर बसल्या. आधी तिच्या चांगल्या हातात माझ्या हिरव्या बांगड्या भरल्या. म्हणाल्या, "मालक बरे आहेत. आत्ता येताना पोस्टातून फोन करून विचारलं. वरणाचं पाणी प्यायले." मग सासूकडे पाहून, एकेक अक्षर तोलत विचारलं, "या हातातल्या आता वाढवू का?"

सासूनं डोळ्यांना पदर लावला. "वाढव, माय."

हात वाचला. एक बोट मात्र आखडलं ते आखडलंच. सकाळीच बांगड्या निघाल्या असत्या तर तेही वाचलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. ती बाई अजून आमच्या मागच्या गल्लीत राहते. संक्रांतीला मला कुंकू लावते तेव्हा ते बोट वाकत नाही, आणि मी खाली पाहते. लोकांना वाटतं, म्हातारी लाजाळू आहे.

पुढे सिस्टरबाईंची बदली झाली, मग त्या नर्सिंगच्या मुलींना शिकवायला लागल्या असं कानावर आलं. निरोपाला मी करंज्या करून दिल्या. एवढीच माझी हिंमत. खरं सांगायचं म्हणून तोंड उघडलं आणि म्हटलं, "खोबरं जरा जास्त झालंय."

या वर्षी मलाच बुलढाण्याला दवाखान्यात ठेवलं. सलाईननं उजवा हात सुजला. नातीच्या वयाची एक नर्स आली, हात उलटसुलट करून पाहिला आणि हळूच म्हणाली, "आजी, बांगड्या वाढवू का? डाव्या हातातल्या राहू देते."

माझे मालक खाटेशी पेंगत होते. मी विचारलं, "हे तुले कोणं शिकवलं वं?"

"आमच्या मॅडमनी. केरळच्या होत्या. पहिल्याच तासाला सांगायच्या, चिमट्याच्या आधी शब्द उचलायचा. त्यांना म्हणे उंद्रीच्या एका मैत्रिणीनं शिकवलं होतं. फार हुशार होती, म्हणायच्या."

"कुठं असतात आता?"

"गेल्या त्या, आजी. मागच्या पावसाळ्यात. तिकडे, गावी."

पोरगी चिमटा हातात घेऊन थांबली होती. "आजी, वाढवू ना? बरोबर बोलले ना मी?"

उजवा हात मी तिच्यापुढे केला. डाव्या हातानं स्वतःचा कान धरला.