बुधवारची पंगत

पंजाबराव गुरुजींना नोकरीभर एकच वेड: सगळ्यांनी एका पंगतीत जेवावं. रिटायर झाले तसं बौद्ध वस्तीतलं घर विकून त्यांनी पांढरकवडा रोडला प्लॉट घेतला आणि वस्तीबाहेरच्या आम्हा सहा घरांना सोबत ओढलं. सगळे पुरोगामी, सगळे भाषणवाले. घरं वेगळी, पण स्वयंपाकघर एक, संध्याकाळची पंगत एक, स्वयंपाकाची पाळी रोज एका घरी. नियमावली गुरुजींनीच लिहिली. पहिला नियम: इथं कोणी जात काढायची नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या. रिटायर्ड प्राध्यापक विठ्ठलराव तर रडलेच. त्यांना रडणं सोपं जातं.

बुधवारची पाळी गुरुजींच्या बायकोची, नलूबाईंची. पहिल्या बुधवारी विठ्ठलरावांकडे पाहुणे टपकले. दुसऱ्या बुधवारी संकष्टी नसताना तीन घरांत उपास निघाले. तिसऱ्या बुधवारी माझं पोट बिघडलं. खरंच बिघडलं होतं, असं मी अजून सांगतो. गुरुवारी विठ्ठलरावांच्या घरची पाळी, की सगळी पोटं ठणठणीत!

चौथ्या बुधवारी नलूबाईंनी वीस माणसांच्या भाकरी थापल्या. गुरुजींनी जेवणाची घंटा तीनदा वाजवली. शेवटी दोघंच जेवले.

रविवारच्या बैठकीत गुरुजी उभे राहिले. "बुधवारीच काहून हो सगळ्यायले उपास? नलूच्या हातचं चालत नसन, तं तसं सांगा ना!"

विठ्ठलरावांचे डोळे लगेच भरले. "गुरुजी, तुम्ही जात काढून राह्यले. पहिलाच नियम मोडला."

"म्या जातीचं नाव तरी घेतलं का?"

"रोख तं तोच होता ना!"

गुरुजींनी नियमावली उघडली. अक्षर त्यांचंच, सुबक. वाचून मिटवून ठेवली.

मग विठ्ठलरावांनी ठराव मांडला: नलूबाईंचं वय झालं, त्यांना त्रास नको, त्यांची पाळी सन्मानानं बंद करावी. भराभर हात वर झाले. पण ठराव एकमतानंच व्हावा, हा नियमही गुरुजींचाच. एकच घर अडत होतं. त्या घराचा हात मांडीवर घट्ट मिटलेला.

नलूबाईंनी तो हात धरला. हळूच म्हणाल्या, "करा वर. घर इकलं आपण, आता जाचं कुठी?"

आणि त्यांनीच तो वर केला.

बुधवारची पाळीही आता माझ्याच घरी आहे. गुरुजी पंगतीत टोकाला बसतात, मान खाली घालून जेवतात. बुधवारी आताशा कोणाचंच पोट बिघडत नाही.